साखर मोजली, झोपेचे काय?

भारतात 10 कोटींहून अधिक मधुमेही आहेत, असे ‘आयसीएमआर-इंडियाब’च्या 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीने दाखवले. त्यांतल्या अनेकांच्या तळपायांची रात्री आग होते, टाचण्या टोचल्यासारखे होते. पायावर चादरही सहन होत नाही. मधुमेहाने नसा खराब झाल्याचे हे दुखणे. दवाखान्यात मात्र साखरेचा आकडा पाहिला जातो, झोप लागते का हे क्वचितच विचारले जाते. रुग्णही ‘वयाचे दुखणे’ म्हणून गप्प. झोप गेली की चिडचिड, उदासी येते, चालणे घटते आणि साखर आणखी बिघडते.

ब्रिटनमधील 130 रुग्णांवरच्या ‘ऑप्शन-डीएम’ चाचणीत (2022) अमिट्रिप्टिलिन, ड्युलॉक्सेटिन व प्रीगाबालिन वेदनेवर सारखीच ठरली. एकाने भागले नाही तेव्हा दुसऱ्याची जोड दिल्यावर आराम वाढला. म्हणजे पहिली गोळी लागू पडली नाही म्हणून ‘आता सोसायचेच’ हे सांगणे चुकीचे. या गोळ्या नसा दुरुस्त करत नाहीत, हे खरे. गुंगी, तोंडाला कोरड असे त्रासही आहेत, म्हणून वृद्धांना जपूनच द्याव्या लागतात. आपल्याकडे सर्रास दिली जाणारी बी-12ची इंजेक्शने मात्र कमतरता असेल तरच कामाची. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षे घेणाऱ्यांत ती असू शकते. आधी रक्त तपासावे.