झिजलेल्या ब्रेकची कसोटी

कोणत्याही साधनाची लायकी ते नवे कोरे असताना ठरवावी आणि पुढे त्याच दाखल्यावर वर्षानुवर्षे निर्धास्त राहावे, हा जो शिरस्ता सार्वजनिक व्यवहारात रूढ झाला आहे, तो किती फसवा आहे हे विमानाच्या ब्रेकचा इतिहास पाहिल्यावर कोणाच्याही ध्यानात यावे.

अडीचशे टनांचे विमान ताशी 300 किलोमीटर वेगाने धावपट्टीवर दौडत असताना वैमानिकास उड्डाण रद्द करावे लागले, तर सुमारे 87 कोटी ज्यूल एवढी गतिज ऊर्जा अल्पावधीत निकालात काढणे भाग पडते. तेवढ्या उष्णतेने तीन हजार लिटर पाणी उकळीस येईल. हवेचा अवरोध आणि इंजिनांचा उलटा झोत यांचा हातभार वजा जाता हा सारा भार चाकांच्या पोटात बसवलेल्या चकत्यांवर येतो.

ज्या विमानांत या चकत्या पोलादाच्या असतात, तेथे त्यांवर घासली जाणारी अस्तरे बहुधा धातू व सिरॅमिक यांच्या संमिश्राची असतात: लोखंडाची किंवा तांब्याची भुकटी, तीत ग्रॅफाइट आणि सिलिकासारखे कठीण कण मिसळून, भट्टीत दाबाखाली भाजून एकजीव केलेली. तांबे उष्णता वाहून नेते, कठीण कण पकड देतात, आणि ग्रॅफाइट पृष्ठभागांना परस्परांस चिकटू देत नाही. पकड वाढवावी तर झीज वाढते, झीज आवरावी तर पकड सुटते. या दोन विरोधी मागण्यांत तडजोड घडवून आणण्यातच या शास्त्राचे कौशल्य आहे. हैदराबादच्या संरक्षण धातुसंशोधन प्रयोगशाळेने हे तंत्र आपल्या देशात साध्य केले आणि बंगळूर येथील हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात असे पॅड तयार होऊ लागले, ही गोष्ट या संदर्भात आवर्जून नमूद केली पाहिजे.

परंतु झिजेबरोबर अस्तराची जाडी जशी कमी होते, तसे उष्णता साठवून ठेवणारे वस्तुमानही घटते. तीच ऊर्जा थोड्या धातूत कोंबली गेली की तापमान अधिक चढते, धातू मऊ पडतो, पकड ढासळते. आणि जो ब्रेक रोजच्या उतरण्यात तक्रारीस जागा देत नव्हता, तोच आणीबाणीच्या क्षणी दगा देतो.

21 मे 1988 रोजी अमेरिकेतील डॅलस-फोर्ट वर्थ विमानतळावर नेमके हेच घडले. अमेरिकन एअरलाइन्सच्या डीसी-10 विमानाच्या वैमानिकांनी धोक्याचा इशारा मिळताच उड्डाण रद्द केले. आरंभी वेग रीतसर उतरू लागला, पण दहांपैकी आठ ब्रेक निकामी झाले आणि विमान धावपट्टी ओलांडून पुढे गेले. सुदैवाने प्राणहानी झाली नाही. ते ब्रेक झिजलेले होते, आणि त्या विमानाची ब्रेक-क्षमता प्रमाणित करणारी मूळ चाचणी मात्र नव्या ब्रेकवर घेतली गेली होती. सबब, दोष कसोटीतच होता. पुढे 1998 साली अमेरिकेच्या विमान प्रशासनाने नियमांतच दुरुस्ती केली: कमाल ऊर्जेची चाचणी घेताना ब्रेकच्या मान्य झिजेपैकी 10 टक्क्यांहून अधिक झीज शिल्लक असता कामा नये, असे त्यात बजावले गेले.

अशा कसोटीने खर्च वाढतो, असा आक्षेप घेतला जाईल, आणि तो खराही आहे. कारण अखेरीस पुरे पडावे म्हणून साधन मुळातच अधिक भक्कम करावे लागते, अथवा ते लवकर बदलावे लागते. पण हा खर्च टाळला म्हणून तो नाहीसा होत नाही; त्याचा हिशेब प्रवाशाच्या जिवावर मांडला जातो, एवढेच. जी शिस्त अपघातानंतर का होईना विमानांना लावली गेली, ती एसटीच्या गाडीला किंवा सरकारी इमारतीतील लिफ्टला लावण्यासाठी अपघाताची वाट पाहण्याचे प्रयोजन नाही. खरेदीच्या निविदेबरोबर नव्या नमुन्याचा चाचणी-अहवाल मागणाऱ्या सरकारी दप्तरांनी, मान्य झिजेच्या अखेरच्या दिवशीही ते साधन पूर्ण भार पेलते की नाही याचा लेखी दाखला पुरवठादाराकडून घ्यावा, आणि तो हजर होईपर्यंत त्याचे बिल मंजूर करू नये.