आधी अंदाज, मग फूटपट्टी



आजचा विषय वाचून काही जण बिचकतील. पण विषय आपल्या वर्गातलाच आहे : अंदाज करायला कसं शिकवायचं?

कुंडलच्या आमच्या शाळेतून दहावी झालेली एक मुलगी सध्या एमबीबीएसच्या शेवटच्या वर्षाला आहे. दिवाळीत भेटायला आली. मी विचारलं, "काय गं, सध्या काय शिकवतात?" म्हणाली, "सर, बोटाने तपासून प्रोस्टेट केवढी आहे ते ओळखायला." आमच्या मंडळी चहाचा कप तिथंच ठेवून आत गेल्या!

प्रोस्टेट म्हणजे पुरुषांच्या मूत्राशयाखालची ग्रंथी. तरुणपणी साधारण अक्रोडाएवढी, 20 ग्रॅमच्या आसपास. वय वाढतं तशी अनेकांची वाढते. (वाढली म्हणजे कॅन्सर झाला असं नव्हे, हे पालकांनी घरातल्या आजोबांना जरूर सांगावं.) डॉक्टर हातमोजा घालून, जेली लावून, गुदद्वारातून बोटाने ती चाचपतात. अर्ध्या-एक मिनिटाचं काम. मधली खाच लागते का, वरची कड बोटाला सापडते का, रुंदी किती बोटं भरते, यावरून आकाराचा अंदाज बांधायचा. अडचण अशी की बोटाला फक्त मागची बाजू लागते, पुढची खोली कळत नाही. त्यामुळे मोठी ग्रंथी हमखास लहान वाटते.

मग शिकवायचं कसं? 2019 पासूनच्या नव्या अभ्यासक्रमात ही तपासणी पुतळ्यावर किंवा तशाच साधनावर करून दाखवायची आहे. काही जण म्हणतात, पुतळा म्हणजे काय पेशंट आहे का? मला मात्र हे पटतं. दहा विद्यार्थ्यांनी एकाच म्हाताऱ्याला तपासायचं, तेही त्याला न विचारता, हे बरं नव्हे. शिवाय वेगवेगळ्या आकाराच्या रबरी ग्रंथी असल्या की तपासायचं, आकडा बोलायचा आणि लगेच खरा आकडा बघायचा. या मुलीचा पहिल्या दिवशीचा अंदाज निम्म्यावर येत होता. तसंच दहा-बारा वेळा केल्यावर बोट सुधारलं, म्हणाली.

खऱ्या पेशंटच्या बाबतीत पडताळा सोनोग्राफीचा. तिथे लांबी, रुंदी, उंची गुणून 0.52 ने गुणतात. 5, 4 आणि 4 सेंमी असेल तर 80 गुणिले 0.52, म्हणजे जवळजवळ 42 घनसेंमी. हा 0.52 कुठून आला ते नववी-दहावीच्या मुलांना विचारून बघा. चौकोनी डब्यात बरोबर बसणारा चेंडू डब्याची निम्म्याहून थोडी जास्त जागा घेतो, तोच हा आकडा.

पण रिपोर्ट आधी वाचला की बोटाला तेच लागतं जे कागदावर लिहिलंय. माझं म्हणणं एवढंच आहे : अंदाज आधी लिहून ठेवायचा, रिपोर्ट नंतर उघडायचा. आपल्या पोरांच्या वह्या बघा. बाकाची लांबी, अंदाज 119 सेंमी, प्रत्यक्ष 120! आधी मोजलं आणि मग रकाना भरला. आपणही बरोबरची खूण करून मोकळे. आपल्या भागातला द्राक्षाचा व्यापारी असं करत नाही. तो मणी बघून मिलीमीटर बोलतो, मग मोजपट्टीच्या भोकात मणी घालून बघतो. चुकला तर पैसे त्याचे जातात.

"सोनोग्राफी आहे, मग बोट कशाला?" असं कोणी म्हणेल. आकारासाठी सोनोग्राफीच खरी, कबूल. पण तळहाताच्या अंगठ्याजवळच्या गादीसारखं मऊ लागतंय की दगडासारखी कडक गाठ आहे, हे बोट सांगतं. आणि खेड्यातल्या दवाखान्यात मशीन नसतं, बोट असतं.

हे सगळं मी का लिहितोय? आमचे आण्णा रात्री चार-पाच वेळा उठायचे. विचारलं तर "वय झालं रे" म्हणायचे. एका रात्री लघवी पूर्ण तुंबली. तळमळत होते. मिरजेला नेऊन नळी घातली तेव्हा जीव शांत झाला. दोन वर्षं त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं आणि आम्हीही खोदून विचारलं नव्हतं. मुलीला हे सांगितलं तर म्हणाली, "सर, आमचे आजोबा पण उठतात रात्री. मी अजून विचारलेलं नाही." मी म्हटलं, आजच विचार.

परवा आठवीच्या वर्गात अंदाजाचा रकाना आधी पेनने भरून घेतला आणि मगच फूटपट्ट्या वाटल्या. त्याच बाकाचे अंदाज आले 75, 90, आणि एकाचा तर 210 सेंमी.