हलला आणि हलवला

आमच्या घरी फोटो बिघडला की त्याचे वर्णन एकाच शब्दात होई: 'हलला'. कोण हलले, हे मात्र कधीच ठरत नसे. काढणारा म्हणे, तुम्ही हललात. बसलेली मंडळी म्हणत, तुझाच हात हलला. मराठीतल्या अकर्मक क्रियापदाची ही मोठीच सोय आहे. अपराध घडतो, अपराधी सापडत नाही!

यंदा मे महिन्यात आम्ही गुहागरला गेलो होतो. सूर्य नुकताच बुडाला होता. आमची कन्या समुद्राकडे तोंड करून उभी होती आणि हातातला कॅमेरा चक्क डावीकडून उजवीकडे ओढीत होती. माझ्यातला मास्तर जागा झाला.

"अगं, हात स्थिर धर! सगळे फोटो हलतील."

"हलत नाहीत, बाबा. मी हलवतेय."

वर्गात वर्षानुवर्षे प्रयोजक क्रियापद शिकवणाऱ्यावर ही पाळी! मी निमूट शिष्यत्व पत्करले. एरवी कॅमेऱ्याची झडप सेकंदाच्या अडीचशेव्या भागापुरती उघडते. इथे ती अर्धा सेकंद उघडी ठेवायची. भर उन्हात तेवढ्याने फोटो पांढराफटक पडेल, म्हणून संध्याकाळ गाठायची, नाहीतर भिंगावर काळी काच चढवायची. मग क्षितिजाला धरून कॅमेरा आडवा फिरवायचा. बटण दाबण्याआधी हात सुरू झाला पाहिजे आणि झडप मिटल्यावरच थांबला पाहिजे. रांगोळीची रेघ ओढताना हात अडखळला तर जे होते, तेच इथेही होते. समुद्र आडवा, म्हणून हात आडवा. मागच्या सुरूच्या बनासाठी मात्र वरून खाली.

माझे पहिले क्षितिज झोळीसारखे लोंबले. "नुसता हात नको, कमरेतून वळा," गुरुमाउलींनी सांगितले. दहाव्या खेपेला जमले. माणसे, होड्या, भेळेची गाडी, सारे विरघळले होते. उरले होते वाळूचे, पाण्याचे आणि आभाळाचे तीन लांबच लांब पट्टे. अर्न्स्ट हास या छायाचित्रकाराने स्पेनमधल्या बैलझुंजींचे असेच वाहत्या रंगांचे फोटो काढले आणि 1957 साली ते 'लाइफ' साप्ताहिकात झळकले, हेही कन्येकडूनच कळले. रात्री तिने साठ फोटोंतले तीन ठेवले आणि बाकीचे निर्दयपणे पुसून टाकले.

घरी परतल्यावर मी आईची जुनी पोथी उघडली. तिच्यात एक फोटो आहे. 1999 साली याच गुहागरला मी तो काढला होता. आई लुगडे किंचित उचलून पाण्यात शिरली होती आणि कधी नव्हे ती मोकळेपणी हसत होती. फोटोत मात्र हसू नाही, चेहराही नाही; पाण्यावर एक हिरवी रेघ तेवढी ओढली गेली आहे. "रोल फुकट घालवलास," असे वडील म्हणाले होते. आई काहीच बोलली नव्हती. तिला जाऊन आता चार वर्षे झाली. समुद्रावरचा तिचा दुसरा फोटो आमच्याकडे नाही.

कन्येने तो बराच वेळ निरखला. "बाबा, हा तुम्ही मुद्दाम हलवला होतात?"

हो म्हणण्याचा मोह झाला. पण व्याकरणाच्या मास्तराने क्रियापदाशी खोटे बोलू नये.

"नाही गं. हललाच तो. ठेवला मात्र आजीने."

तिने तो पुन्हा पोथीत ठेवला. पान तेच, हे तिने आधी पाहून घेतले होते.