घाटमाथ्यावर न सुटणारे इंजिन

कसाऱ्याहून इगतपुरीकडे थळ घाट चढणाऱ्या अनेक गाड्यांना मागून बँकर इंजिने जोडतात. सदतीस फुटांना एक फूट असा तो खडा चढ आहे. इगतपुरी आली की ही इंजिने सोडली जातात. मदत घ्यावी, पण चढ संपताच ती सुटी करावी, हा या घाटाचा जुना धडा. संगणकाच्या व्यवहारात मात्र सहकारी बँका व सार्वजनिक संस्था यांना त्याचा विसर पडत आहे.

एका मोठ्या संगणकाचे भाग पाडून प्रत्येक भाग स्वतंत्र यंत्रासारखा वापरणे, म्हणजे आभासी सर्व्हर. बँकेच्या अशा सर्व्हरांची देखभाल कागदोपत्री बँकेकडेच असते. परंतु त्यांवर प्रणाली बसविणारे आणि दुरून बदलणारे साधन पुरवठादाराचे असते व त्याला सर्वाधिकार दिलेले असतात. घर एकाचे, किल्ली दुसऱ्याची!

याचे परिणाम जुलै २०२४ मध्ये दिसले. १९ जुलैला क्राउडस्ट्राइक कंपनीने ग्राहकांच्या यंत्रांवर परस्पर धाडलेल्या एका सदोष बदलाने जगभरातील सुमारे ८५ लाख संगणक बंद पाडले. भारतात विमानप्रवाशांना हाताने लिहिलेले पास द्यावे लागले. त्याच महिनाअखेरीस सी-एज या पुरवठादार कंपनीवर खंडणीखोरांचा हल्ला झाला आणि सुमारे ३०० लहान बँकांचे देयक-व्यवहार थांबवावे लागले. एका सुरक्षा-संस्थेच्या अहवालानुसार हा शिरकाव साखळीतील दुसऱ्या कंपनीच्या जेन्किन्स सर्व्हरमधून झाला. आणि जेन्किन्स हे प्रणाली तयार करून बसविण्याचेच साधन आहे. चूक कंपन्यांच्या साखळीत झाली. पैसे अडकले ते सामान्य खातेदाराचे.

लहान संस्थेला तज्ज्ञ परवडत नाहीत, पुरवठादाराच्या साधनाने श्रम व चुका वाचतात, हा युक्तिवाद खोटा नाही. म्हणून साधन नाकारण्याचे कारण नाही. ते अटींवर स्वीकारावे. प्रत्येक बदल आधी चाचणीच्या सर्व्हरवर चालवून पाहावा. संस्थेच्या सेवकाने मंजुरी दिल्यावरच दार उघडावे, काम संपताच अधिकार काढून घ्यावेत. प्रत्येक हालचालीची नोंद संस्थेकडे राहावी. पुरवठादार उद्या गेला तरी प्रणाली पुन्हा उभी करण्याची रीत संस्थेच्या सेवकांना शिकविणे करारातच बंधनकारक असावे.

एकट्या बँकेला हे झेपणार नसेल, तर अनेक बँकांनी मिळून तज्ज्ञ नेमावेत. सहकार तो हाच. रेल्वेने १९८६ मध्ये ‘क्रिस’ ही स्वतःची संगणक-संस्था उभारली. सार्वजनिक क्षेत्राला हे अशक्य नाही. सहकारी बँकांचे सभासद असलेल्या कार्यकर्त्यांनी येत्या वार्षिक सभेत एवढेच विचारावे : आपल्या सर्व्हरची किल्ली कोणाकडे आहे?