शेवटच्या मुद्रितापर्यंत
अंबरनाथवरून पुण्याकडे जाणारा लोहमार्ग पुढे दौंडच्या वाटेवर केडगावला पोहोचतो. तिथल्या मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाईंनी उतारवयात हिब्रू-ग्रीकशी झटापट करत बायबल मराठीत आणले. कानांनी दगा दिलेला, १९२१ मध्ये एकुलती मुलगी मनोरमा गेलेली. तरी मुद्रितांवरचा हात थांबला नाही. कुणी याला हट्ट म्हणेल, कुणी दुःखावरची गुंगी. पण गुंगीतला माणूस शब्दाशब्दाला अडत नाही. शिवाय १८८३ च्या बाप्तिस्म्यानंतर लगेचच आपल्या धर्ममार्गदर्शक सिस्टर जेराल्डिनशी पत्रांतून श्रद्धेच्या प्रश्नांवर वाद घालणाऱ्या या बाई. निमूट मान डोलावणे त्यांच्या स्वभावातच नव्हते. प्रश्न विचारूनही त्या श्रद्धेपासून हलल्या नाहीत, हे मला अधिक मोलाचे वाटते. ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या, तेव्हा भाषांतर पुरे झाले होते.