ग्रॅम नको, दात मोजा

चाळिशी ओलांडलेला माणूस सायकलीकडे परत यायचं ठरवतो तेव्हा त्याची अपेक्षा फार मोठी नसते. सकाळी खडकवासल्यापर्यंत जाऊन यावं, पावसाळा संपला की कात्रजचा जुना घाट चढावा, जमलं तर वर्षातून एकदा सिंहगड. कॉलेजात असताना याच पुण्यात तो रोज सायकल हाणत होता. मग स्कूटर आली, संसार आला, गाडी आली. आता त्याला पुन्हा आपल्या पायांवर भरवसा ठेवायचा आहे. असा माणूस चाळीस-पन्नास हजारांचा हिशेब करून दुकानात जातो आणि दोनपैकी एका अवस्थेत बाहेर पडतो. एक तर दीड लाखाच्या सायकलीचे हप्ते बांधून, किंवा "हे आपल्याला परवडणारं काम नाही" असं समजून हात हलवत. दोन्ही वेळा त्याला खोटं सांगितलेलं असतं आणि त्या खोट्याचा मला संताप येतो.

नात्यातल्या, ओळखीतल्या माणसांबरोबर मी अशा खरेदीला पुष्कळदा गेलो आहे. संवाद ठरलेला असतो. "काका, परत सुरू करताय ना? मग एकदाच घ्या, कार्बन घ्या. अलॉय घेतलीत तर सहा महिन्यांत बदलायला इथेच याल." काका सायकल उचलून पाहतात. हलकी लागते. सौदा तिथेच होतो. तुम्ही कुठे चालवणार, तुमचं वजन किती, गुडघे कसे आहेत, मान दुखते का, यातलं एक अक्षर त्या विक्रेत्याने विचारलेलं नसतं.

वजनाचा विषय आधी निकालात काढू. माणूस आणि सायकल मिळून ९० किलो धरा. सायकल एक किलोने हलकी झाली तर चढावरचं ओझं जेमतेम एका टक्क्याने कमी होतं. तासाभराच्या चढात चाळीस सेकंद वाचतात. सपाट रस्त्यावर तेवढेही वाचत नाहीत, कारण तिथे सगळी झुंज हवेशी असते. शर्यतीची सायकल ६.८ किलोपेक्षा हलकी असता कामा नये असा यूसीआय या जागतिक संघटनेचा नियम आहे. सेकंदांवर ज्यांची रोजीरोटी चालते त्यांच्या जगातला तो नियम. स्वतःच्या अंगावर दहा किलो जादा वागवणाऱ्या माणसाला सायकलीतल्या एका किलोसाठी हजारो रुपये मोजायला लावणं हा अप्रामाणिकपणा आहे. त्यात आयात सायकलीवरचं सीमाशुल्क २०२३च्या अर्थसंकल्पात ३० टक्क्यांवरून ३५ टक्के झालं. परदेशातून आलेल्या त्या कार्बनच्या किमतीत हा करही काकाच भरतात आणि त्याने चढ इंचभरही उतरत नाही.

चढाचा प्रश्न गिअरचा आहे, आणि गिअरबद्दल नेमकं कुणी बोलत नाही. बोलतात ते "किती स्पीड" एवढंच. सात, आठ, अकरा, चोवीस. या आकड्याला काही अर्थ नाही. पाहायचं ते हे की पुढच्या सर्वांत लहान चेनव्हीलला दात किती आणि मागच्या सर्वांत मोठ्या चकतीला दात किती. पुढे ३४ आणि मागेही ३४ असतील तर पायडलच्या एका फेरीत चाक एकदा फिरतं, म्हणजे सायकल सुमारे २.१ मीटर पुढे जाते. मिनिटाला ६० फेऱ्या मारल्या तर ताशी साडेसात किलोमीटर. शर्यतीच्या ढंगाच्या सायकलीला पुढे ५२ आणि ३६ दातांची जोडी असते, मागे ११ ते २८. तिच्या सर्वांत हलक्या गिअरलाही एका फेरीत २.७ मीटर जावं लागतं. त्याच ६० फेऱ्या टिकवायच्या तर ताशी पावणेदहाच्या वेगाने चढणं भाग आहे. आठ टक्क्यांच्या चढावर ९० किलोचं ओझं नेताना पहिल्या सायकलीला साधारण दीडशे वॅट ताकद लागते, दुसरीला दोनशे. थोडा सराव केलेला पन्नाशीचा माणूस दीडशे वॅट तासभर देऊ शकतो. दोनशे बहुतेकांना झेपत नाहीत. मग तो मिनिटाला चाळीस फेऱ्यांवर येतो, उभा राहून पायडल दाबतो, आणि सगळा भार गुडघ्यांवर येतो. सिंहगडाचा गाडीरस्ता आठ-नऊ किलोमीटर चढतो, दम खायला सपाटी फारशी मिळत नाही. दुसऱ्या दिवशी गुडघ्याला बर्फ लावून बसलेला माणूस म्हणतो, "आता वय झालं." वय झालेलं नसतं. मागच्या चकतीला सहा दात कमी असतात.

ते सहा दात महागही नाहीत. शिमानोच्या खालच्या पायरीवरचा क्लॅरिस हा गिअरसंच घ्या. पुढे ५०-३४, मागे आठ चकत्या, आणि त्यातली मोठी ३२ किंवा ३४ दातांची बसते. त्यावर नऊ चकत्यांचा सोरा, त्यावर दहांचा टियाग्रा, मग १०५. पायरी चढलात की दोन गिअरमधलं अंतर कमी होतं, बदल नितळ होतो, बोटांना जोर कमी लागतो. हे सगळं छान आहे, पैसे असतील तर जरूर घ्या. पण ३४ दात क्लॅरिसचे असोत की १०५ चे, घाटाला फरक कळत नाही. आठ चकत्यांची चेन स्वस्त मिळते, सहज मिळते आणि महिनोन्‌महिने मळलेली राहिली तरी निभावून नेते. परत आलेल्या माणसाला हे सांगायची कुणाला गरज वाटत नाही, कारण क्लॅरिसच्या सायकलीत दुकानाला सुटतं किती?

स्वस्तातली प्रत्येक सायकल चांगली, असं मात्र मी अजिबात म्हणत नाही. या बाजाराचं खालचं टोकही तितकंच नासलेलं आहे. वाकडं हँडल, पातळ टायर, चकचकीत रंग आणि मागे सात गिअरचं पेचाचं फ्रीव्हील लावून जी "रोड बाईक" विकली जाते तिच्यापासून लांब राहा. पेचाच्या फ्रीव्हीलमध्ये उजव्या बाजूचे छर्रे हबच्या आत, बरेच मधल्या बाजूला बसतात. त्यांच्या बाहेरचा एक्सल आधाराविना लोंबतो. त्यावर ऐंशी-नव्वद किलो बसले आणि चाक खड्ड्यात आपटलं की एक्सल वाकतो, पुढे तुटतो. कॅसेटच्या हबमध्ये छर्रे पार टोकाला असतात, म्हणून तो टिकतो. विक्रेत्याला सरळ विचारा, फ्रीव्हील की कॅसेट? उत्तर देताना तो अडखळला तर पुढचं काही विचारायची गरज नाही.

तारांचंही तसंच. बाबांच्या पिढीची काळी सायकल पुढे ३२ आणि मागे ४० तारा घेऊन यायची, कारण तिच्या कॅरिअरवर धान्याचं पोतंही जायचं आणि माणूसही. आज तेवढ्याच वजनाच्या माणसाला वीस-चोवीस तारांचं चाक देतात, का तर ते वेगवान दिसतं. एक तार तुटली की रिम ब्रेकला घासायला लागते आणि घरापासून तीस किलोमीटरवर माणूस टेम्पो शोधत उभा राहतो. मागच्या चाकाला २८ तारा तरी हव्यातच. वजन जास्त असेल तर ३२.

टायरबाबत तर शर्यतवाल्यांनीच स्वतःचं मत कधीच बदललं आहे. पूर्वी ते २३ मिलिमीटरचे टायर दगडासारखे फुगवून चालवत. आता तूर द फ्रान्समध्ये २८ चे टायर सर्रास दिसतात, कारण खडबडीत रस्त्यावर रुंद टायर कमी हवेत जास्त चांगला पळतो. फ्रान्सच्या डांबरावर ज्यांना २८ लागतो त्यांच्यापेक्षा आपले रस्ते गुळगुळीत आहेत का? पेव्हर ब्लॉक, मनमानी गतिरोधक, पावसाळ्यानंतरची चाळण. इथे ३२ चा टायर साठेक पीएसआय हवेवर चालवणं हाच शहाणपणा. ज्या फ्रेममध्ये २५ च्या वर टायर बसतच नाही ती फ्रेम कितीही सवलतीत मिळाली तरी घेऊ नका.

सर्वांत मोठं पाप मापाचं आहे. गोदामात ५६ ची फ्रेम उरलेली असते, गिऱ्हाईक साडेपाच फुटांचं असतं, त्याला ५२ किंवा ५४ लागते. "स्टेम छोटा लावून देतो काका, एकदम फिट बसेल," असं म्हणून ती त्याच्या गळ्यात बांधतात. स्टेम बदलून फ्रेम लहान होत नाही. हँडल लांब आणि खाली राहतं, मानेत कळ येते, तळहात बधिर होतात, करंगळीला मुंग्या येतात. वर्षानुवर्षं खुर्चीत बसून काम केलेल्या पाठीला उंच आणि जवळचं हँडल लागतं. अशी ठेवण असलेल्या सायकली बनतात, एन्ड्युरन्स म्हणून विकल्याही जातात, आणि बहुतेक कंपन्यांच्या स्वस्त अलॉय सायकली याच ठेवणीच्या असतात. म्हणजे या माणसाच्या शरीराला जे लागतं ते त्याच्या खिशाला परवडणाऱ्या फळीवरच ठेवलेलं असतं, आणि विक्रेता त्याचा हात धरून त्याला तिथून उठवतो. पंधरा मिनिटं रस्त्यावर चालवून पाहू न देणाऱ्या दुकानातून सायकल घेऊ नये, हे माझं ठाम मत आहे.

ब्रेकवर फार शब्द खर्च करत नाही. कोरड्या रस्त्याला चांगले रिम ब्रेक पुरतात. पावसात घाट उतरणार असाल तर डिस्क घ्या.

नव्या सायकलींमधला एक प्रकार मात्र मला सरळ गिऱ्हाइकाविरुद्धचा कट वाटतो. ब्रेकच्या नळ्या आणि केबल आता हँडलमधून थेट पुढच्या बेअरिंगच्या पोटातून नेतात. दिसायला स्वच्छ दिसतं. आपल्या पावसाळ्यात पाणी शिरून ते बेअरिंग गंजतं, आणि एरवी कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याने अर्ध्या तासात बदललं असतं ते बेअरिंग बदलायला ब्रेकच्या नळ्या सोडाव्या लागतात, तेल पुन्हा भरावं लागतं. शर्यतीत सेकंद वाचवणाऱ्यांसाठी केलेली ही सोय रविवारी सकाळी पोहे खायला बाहेर पडणाऱ्या माणसाच्या माथी का? केबल बाहेरून जाणारी, पायडलच्या एक्सलचं बेअरिंग पेचाने बसणारी सायकल घ्या. ती तुमच्या पेठेतला मेकॅनिक उघडू शकतो. मेकॅनिकला उघडता येत नाही ती सायकल आपली नसते, दुकानाची असते.

आणि सायकलवाल्यांच्या गटांमधले ते जुनेजाणते! नव्या माणसाने ट्रायबनसारख्या स्वस्त सायकलीचा फोटो टाकला की "सुरुवातीला ठीक आहे" अशी मेहेरबानीची पाठ थोपटणारे. तुम्ही माणसं तोडता. दोनशे किलोमीटरची बीआरएम ही लांब पल्ल्याची सायकलफेरी साडेतेरा तासांत पूर्ण करायची असते, म्हणजे थांबे, चहा, पंक्चर सगळं धरून ताशी पंधराहूनही कमी. तिच्या नियमात सायकलीच्या किमतीचा, कार्बनचा उल्लेख नाही. स्वस्त अलॉय सायकलींवर लोक ती दरवर्षी पूर्ण करतात, साध्या सिंगल गिअरवरही करतात. तुमच्या एका शेऱ्याने जो माणूस लाजून पुढच्या रविवारी आला नाही, त्याच्या गॅलरीत आज सायकलीवर कपडे वाळत आहेत. त्याची जबाबदारी तुमच्यावर आहे.

अशा गॅलऱ्यांमुळेच जुन्या सायकलींचा बाजार सध्या उत्तम आहे. २०२० आणि २०२१ मध्ये टाळेबंदीच्या काळात घेतलेल्या सायकली अजून जेमतेम झिजल्या आहेत. घेताना जुना कार्बन टाळा, आतली चीर डोळ्याला दिसत नाही. अलॉयमध्ये हँडलखालचे सांधे बोट फिरवून पाहा. चाक फिरवून आऊट पाहा. आणि पट्टी घेऊन चेन मोजा. नव्या चेनच्या बारा पूर्ण कड्या बरोबर १२ इंच भरतात. अर्धा सूत लांबली असेल तर चेन बदलायची तयारी ठेवा, एक सूत लांबली असेल तर मागच्या चकत्याही गेल्या असं समजून भावात तेवढे पैसे कमी करा. वाचलेल्या पैशांतून हेल्मेट, मागचा लाल दिवा, पंप, दोन ट्यूब आणि पंक्चरचं सामान घ्या. सायकल घेताना कुणी या वस्तूंचं नाव काढत नाही.

सप्टेंबर २०२५ मध्ये सायकलवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. सरकारने सायकल स्वस्त व्हावी म्हणून हे केलं. "वाचलेत ना, मग वरची घ्या" असं सांगून दुकानदारांनी ते पैसे गिळावेत म्हणून नव्हे. माझी त्यांच्याकडे एक साधी मागणी आहे. प्रत्येक सायकलीच्या किमतीच्या चिठ्ठीवर चार गोष्टी लिहा: सर्वांत हलक्या गिअरचे पुढचे आणि मागचे दात, जास्तीत जास्त किती रुंद टायर बसतो, मागच्या चाकाच्या तारा, आणि ही फ्रेम किती उंचीच्या माणसासाठी आहे. त्याला एक पुठ्ठा आणि दोन मिनिटं लागतात. जो दुकानदार एवढंही लिहायला तयार नाही, त्याच्या दुकानात पाऊल टाकू नका.