लहान पिस्तुलांची पारख कोणी करायची?

अमेरिकी काँग्रेसने १९७२ साली ग्राहकोपयोगी वस्तूंच्या सुरक्षिततेचा कायदा संमत केला आणि त्याच्या अंमलबजावणीसाठी स्वतंत्र आयोग नेमला. पाळण्यापासून शिडीपर्यंत हजारो वस्तू या आयोगाच्या कक्षेत येतात. खेळण्यातल्या पिस्तुलाचा तुकडा निखळून मुलाच्या घशात अडकण्याजोगा असेल, तर ते खेळणे बाजारातून काढून घ्यायला आयोग भाग पाडू शकतो. खऱ्या पिस्तुलाविषयी मात्र त्याला अवाक्षर काढता येत नाही. बंदुका मूळ कायद्यातूनच वगळलेल्या होत्या. १९७६ च्या दुरुस्तीने त्यांच्या व काडतुसांच्या उत्पादनावर किंवा विक्रीवर बंधन आणणारा आदेश काढण्यास आयोगाला स्पष्ट मनाई केली.

ही विसंगती जुनी असली तरी आज तिचे गांभीर्य वाढले आहे. जून २०२२ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने, पिस्तूल जवळ बाळगण्यासाठी विशेष कारण दाखविण्याची न्यूयॉर्क राज्याची अट घटनाबाह्य ठरविली. पन्नासपैकी निम्म्याहून अधिक राज्यांत प्रौढ नागरिकाला कपड्याआड पिस्तूल बाळगण्यास परवानाही लागत नाही. असे शस्त्र बाळगण्याचा हक्क असावा की नसावा, हा वाद घटकाभर बाजूस ठेवू. ज्याने ते विकत घेतले आहे, त्याला ते नेमक्या क्षणी चालेल आणि नको त्या क्षणी चालणार नाही, याची हमी कोण देतो?

हा प्रश्न मोठ्या पिस्तुलापेक्षा लहान पिस्तुलाबाबत अधिक बिकट आहे, आणि त्याचे कारण यंत्रशास्त्रात आहे. स्वयंचलित पिस्तुलात गोळी सुटताच वरचा सरकता भाग मागे जातो, रिकामी पुंगळी बाहेर फेकतो आणि स्प्रिंगच्या जोराने पुढे येताना नवे काडतूस नळीत ढकलतो. मोठ्या पिस्तुलात हा भाग जड आणि त्याचा प्रवास लांब असतो. त्यामुळे थोडी घाण, थोडे कमीजास्त काडतूस, थोडी सैल पकड यंत्र सहन करते. १९३१ साली बाजारात आलेले जर्मन वाल्थर पीपीके सुमारे सहाशे ग्रॅमचे होते. २००८ साली निघालेले रुगर एलसीपी पावणेतीनशे ग्रॅमच्या आत आहे. वजन निम्म्यावर आले, परंतु काडतूस त्याच मापाचे राहिले. सरकत्या भागाचा प्रवास आखूड आणि स्प्रिंग कडक झाली, चुकीला जागा उरली नाही. मनगट ढिले राहिले तरी पुंगळी अडकते. ज्यांची पकड कमजोर, अशा वृद्धांना आणि दुर्बलांनाच ही पिस्तुले 'हाताळण्यास सोयीची' म्हणून विकली जातात, हा त्यातला दुर्दैवी विनोद!

निगेची गोष्टही तीच. घरच्या कपाटातले पिस्तूल तेल लावून ठेवले की महिनोन्‌महिने बरे राहते. खिशातल्या पिस्तुलात कापडाचे तंतू शिरतात, घामाने गंज चढतो, तेल सुकते आणि त्यात धूळ चिकटते. कडक स्प्रिंगा मोठ्या पिस्तुलातल्यापेक्षा लवकर थकतात आणि ठरावीक गोळ्यांनंतर बदलाव्या लागतात. जाणकार सांगतात की नव्या पिस्तुलातून, जी काडतुसे पुढे वापरायची तीच शे-दोनशे झाडून पाहिल्याखेरीज त्यावर विसंबू नये. याचा अर्थ एवढाच की, कारखान्यात व्हावयाची अखेरची परीक्षा ग्राहकाने स्वतःच्या खर्चाने करावयाची. पाच गोळ्यांचे छोटे रिव्हॉल्व्हर या बाबतीत सोशिक आहे. एखादे काडतूस फुसके निघाले तर पुन्हा चाप ओढायचा, पुढचे समोर येते. पण त्याचा चाप जड, नेम कठीण. आणि ते अडकलेच, तर कारागिराकडे नेण्यावाचून गत्यंतर नसते.

निकृष्ट माल बाजारच हटवील, हा उत्पादकांचा युक्तिवाद पूर्वानुभवाला धरून नाही. १९६८ च्या कायद्याने लहान परदेशी पिस्तुलांच्या आयातीवर उंची-लांबीचे निकष लावले. पीपीके उंचीत थोडक्यात कमी पडले, म्हणून वाल्थरने त्याचा वरचा भाग जरा मोठ्या सांगाड्यावर चढवून पीपीके/एस हे नवे पिस्तूल काढले. देशी मालाला मात्र हे निकष लागू नव्हते. परिणामी लॉस एंजेलिसच्या परिसरात जस्ताच्या मिश्रधातूची स्वस्त पिस्तुले ओतणारे कारखाने उभे राहिले आणि दोन-अडीच दशके भरभराटले. त्यांपैकी ब्रायको कंपनीचे एक पिस्तूल रिकामे करावयाचे, तर आधी सुरक्षेचा खटका उघडावा लागे. काडतूस अडकण्याचा दोष झाकण्यासाठी रचनेत हा बदल केला गेला, असे न्यायालयात मांडण्यात आले. १९९४ साली कॅलिफोर्नियात ते रिकामे करताना गोळी सुटून सात वर्षांचा मुलगा मानेखाली पांगळा झाला. २००३ मध्ये ज्यूरीने कोट्यवधी डॉलरांची भरपाई ठरविली आणि कंपनीने लगेच दिवाळखोरी पत्करली. तोवर नऊ वर्षे लोटली होती.

प्रतिष्ठित कंपन्याही निर्दोष नाहीत. पडल्यावर गोळी सुटण्याच्या शक्यतेमुळे रुगरने एलसीपी त्याच वर्षी परत मागविले. स्मिथ अँड वेसनने २०२० मध्ये आपल्या शील्ड ईझेड पिस्तुलांचे घोडे बदलून दिले. हे त्यांनी केले ते योग्यच, पण ते स्वेच्छेने केले. न करणाऱ्यावर सक्ती करणारी यंत्रणा नाही. अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली दाखवून दिले की, मालाचा दर्जा विक्रेत्यालाच ठाऊक असतो तेथे चांगला माल वाईटामुळे मागे रेटला जातो. जी वस्तू बहुतेकांना आयुष्यात एकदाही खरोखर वापरावी लागत नाही, तिचा दर्जा ग्राहकाला कळणार कसा? तिचा दोष कळतो तो फार उशिरा.

कॅलिफोर्नियाने यावर बरा मार्ग काढला. १९९९ च्या कायद्यानुसार प्रत्येक नमुन्याची तीन पिस्तुले प्रयोगशाळेत जातात. प्रत्येकातून सहाशे गोळ्या झाडल्या जातात. पहिल्या वीसांत एकही बिघाड आणि एकूण सहापेक्षा अधिक बिघाड चालत नाहीत. शिवाय मीटरभर उंचीवरून काँक्रीटवर टाकूनही पाहतात. पुढे या यादीला जोडलेल्या इतर अटींमुळे नव्या पिस्तुलांचा मार्ग अडला, ही टीकाकारांची तक्रार रास्त आहे. पण ती त्या अटींविरुद्ध आहे, या परीक्षेविरुद्ध नव्हे. परीक्षेची खरी उणीव वेगळीच आहे. ती नव्याकोऱ्या पिस्तुलाची होते. दोन वर्षे खिशात घाम खाल्लेल्या पिस्तुलाची नव्हे. स्प्रिंग किती गोळ्यांनंतर बदलावी, हा आकडा वेष्टनावर छापण्याची सक्ती करणे अवघड नाही. कपड्याआड बाळगण्यासाठीच विकल्या जाणाऱ्या पिस्तुलांना धूळ आणि गंज यांची चाचणीही लावता येईल. १९७६ ची मनाई उठविल्याखेरीज हे देशभर होणार नाही.

भारतात चित्र उलटे आहे, पण ग्राहकाची अवस्था फारशी निराळी नाही. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून आयात बंद असल्याने जुनी विदेशी पिस्तुले अवाच्या सवा किमतींना हातोहात जातात. पन्नास वर्षांच्या स्प्रिंगेसह! कानपूरच्या सरकारी कारखान्याने २०१४ साली काढलेले अर्धा किलोचे 'निर्भीक' रिव्हॉल्व्हर महिलांसाठी म्हणून गाजले आणि त्याची किंमत सव्वा लाखाच्या घरात होती. काडतुसे किती घ्यावयाची याचा आकडा परवान्यावरच लिहिलेला असतो, आणि तो सरावाचा विचार करून ठरविलेला नसतो. पिस्तूल पारखायला शे-दोनशे गोळ्या झाडाव्यात हा सल्ला येथील परवानाधारकाला पाळायचा म्हटला, तर संकटासाठी म्हणून ठेवलेली काडतुसे त्यातच संपतील.